उमरसांगवी फाटा

लातूर,
९ ऑगस्ट २०२५

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाचं एक पाकीट या पत्त्यावर आलं, ते सोबत पाठवते. विमा कंपनीचं दिसतंय. मी उघडलेलं नाही. जाताना तू नांदेडच्या खोलीचा पत्ता फ्रीजवर चिकटवून गेली होतीस, टपाल आलं तर पाठवता यावं म्हणून. तो कागद मी पुढं काढून माझ्या औषधांच्या डब्यात ठेवला. उर्वी लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या नजरेला पडू नये असं वाटलं. तू अजून त्याच खोलीत आहेस की नाही, मालूम नाही.

फोन केला असता, पण माझा उजवा कान आता पूर्ण गेला. डाव्या बाजूला बसून कोणी बोललं तर ऐकू येतं, फोनमधलं काही उमगत नाही. स्पीकर लावला की सगळं घर ऐकतं. त्या काचेवर अक्षरं दाबत बसणं मला जमत नाही. पत्र बरं.

इथं सगळे ठीक. मिहिर आणि उर्वी सकाळी कामावर जातात ते दिवे लागताना परत येतात. उर्वी स्वभावानं चांगली आहे, माझ्याशी नीट वागते. आम्ही दोघी एकमेकींना जपून असतो, घरात पाहुणे असले की असतो तसं.

पहाटे आपण औसा रोडनं चालायला जायचो, ते बंद केलं. एकटीला उत्साह राहत नाही, आणि मागून गाडी आली तर कळत नाही. तू कायम माझ्या उजव्या हाताला चालायचीस. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

तू रविवारी काय करतेस? जेवण वेळेवर करतेस का? उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
(पुढं काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं)
लता


नांदेड,
२४ ऑगस्ट

ती. आईंना,
सा. नमस्कार.

दुसरं काय म्हणावं ते मलाही सुचलं नाही. घटस्फोटाच्या कागदात मिहिरबद्दल आणि माझ्याबद्दल लिहिलेलं होतं, तुमच्याबद्दल काही नव्हतं. म्हणून आहे तेच राहू देते. चालेल ना?

पाकीट मिळालं. खोली तीच आहे, बँकेची शाखाही तीच. तुम्ही रविवारचं विचारलंत, तर सांगते. सुरुवातीला रविवार फार अंगावर यायचा. घरमालक शनिवारी त्यांच्या गावाकडं निघून जायचे. मग सोमवारी सकाळी काउंटरवर पहिल्या माणसाशी बोलेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नसायचा. एका सोमवारी आवाज फुटेचना. समोरचे गृहस्थ म्हणाले, मॅडम, सर्दी झाली का?

त्याच्या पुढच्या रविवारी मी उगाच एसटी स्टँडवर जाऊन बसले. तिथं माणसं असतात. समोर अर्धापूरची बस लागली होती, तीत चढले. केळीच्या बागा सुरू झाल्या तसं वाटलं, इथं उतरावं. कालव्याच्या कडेनं चालत पुढच्या गावापर्यंत गेले. बागेच्या आत सावलीत एवढं गार होतं, आणि वारा आला की ती फाटकी पानं एकमेकांवर आपटून पाऊस आल्यासारखा आवाज करायची. पुढच्या फाट्यावर परतीची बस मिळाली. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि झोपले.

तेव्हापासून दर रविवारी जाते. पाटी बघून बसमध्ये बसते, खिडकीतून बघत राहते आणि जिथं पायवाट चांगली दिसेल तिथं उतरते. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाते आणि उन्हं कलायच्या आत परत फिरते. कंधारकडं माळावरून चालले, तिथं पाऊस पडून गेल्यावर गवतात लाल मखमली किडे दिसले. लोह्याच्या बाजूला रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप दिसला. मला वाटलं होतं ते पळून जातील, पण ते उभे राहून माझ्याकडंच बघून राहिले.

त्रास एकच. बाई माणूस एकटी पांदणीच्या वाटेनं चाललीय म्हणल्यावर प्रत्येक जण थांबवतो आणि विचारतो, "कोणाकडं आलाव, ताई?" त्यात वाईट काही नसतं. पण "कोणाकडं नाही" म्हणलं की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी येते. कंधारजवळ एका म्हाताऱ्या बाबांनी मला बांधावर बसवून पाणी पाजलं आणि हळूच विचारलं, "घरी भांडून निघालाव का?" तेव्हापासून काहीबाही सांगते. शेत बघायला आले, मैत्रिणीकडं आले. दुसऱ्यांदा त्या गावाला जात नाही, म्हणून निभतं.

तुम्ही औसा रोड बंद करू नका, असं लिहिणार होते. पण माझ्या लिहिण्यानं काय होणार.

तुमची,
मुग्धा


लातूर,
७ सप्टेंबर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुपारच्या वेळी गॅलरीत बसून वाचलं आणि परत वाचलं. केळीच्या बागेपाशी मीही तुझ्याबरोबर उतरले. चालेल का विचारतेस. मला दुसरं काही म्हणालीस तर मी ओ देणार नाही.

आता माझं एक काम कर. मुखेडहून जांबकडं येणारी बस असते, तीच पुढं शिरूर ताजबंदवरून लातूरला येते. त्या रस्त्यावर उमरसांगवी फाटा आहे. फाट्यावरून गाव आत आहे. आमचे नाना, दत्तोपंत मास्तर, तिथल्या शाळेवर होते. मी आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा आम्ही तिथं गेलो, आणि तीन वर्षांनी नानांची बदली झाली. त्यानंतर मी तिकडं कधी गेले नाही. लातूर-मुखेड बस रोज माझ्या डोळ्यांसमोरून जाते, तरी गेले नाही.

तिथं विठा नावाची माझी मैत्रीण होती. माझ्याहून मोठी, अंगानं धिप्पाड. पाचवीची शाळा जांबला होती, आम्ही चालत जायचो. वाटेत ओढा लागतो. पावसाळ्यात पाणी चढलं की ती माझा हात धरून पलीकडं न्यायची आणि म्हणायची, खाली बघू नको, माझ्याकडं बघ. तिचं लग्न गावातच झालं, एवढं कानावर आलं होतं.

मुग्धा, मला लहान असताना पाहिलेलं माणूस आता कोणी उरलं नाही. नाना गेले, आई गेली, भाऊ गेला. हे गेले तेही आता जुनं झालं. या घरात मी म्हणजे जन्मल्यापासून सासू. विठा असली, तर ती एकटीच.

तुला कुठं ना कुठं उतरायचंच असतं. एक रविवार तिथं उतर. कोणी विचारलं, कोणाकडं आलाव, तर या वेळी सांगायला खरं उत्तर आहे.

तुझी,
आई


नांदेड,
६ ऑक्टोबर

ती. आईंना,
सा. नमस्कार.

काल जाऊन आले. मधले दोन रविवार पावसानं घरात बसवलं. यंदा शेतं पार धुऊन निघाली आहेत. मुखेडला उतरून जांबच्या बसनं फाट्यावर गेले. वाटेत दोन्ही बाजूंनी सोयाबीन काळं पडलेलं. काही ठिकाणी माणसं भिजलेल्या गंजी उपसून उन्हात पसरत होती.

विठाबाई आहेत. वेशीतून आत गेलं की डाव्या बाजूला त्यांचं घर, समोर लिंबाचं झाड. त्या अंगणात सोयाबीन उलथत बसल्या होत्या. केस पांढरे, पण हाडापेरानं तुम्ही लिहिलंय तशाच दणकट. मुलगा बसवराज शेती बघतो. सून दीपमाला माझ्याच वयाची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली.

मी तुमचं नाव सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मास्तरची लता ना, कशी हाय ती? ओढ्याचंही त्यांच्या ध्यानात आहे. मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाकरी, ठेचा, आणि पाण्यातून वाचलेल्या मुगाचं वरण. निघताना म्हणाल्या, येत जा.

फाट्यावर बसची वाट बघत उभी होते तेव्हा कोणीच काही विचारलं नाही. एकानं नुसतं म्हणलं, विठाबाईकडची पाहुणी ना, बस येईल आता.

तुमची,
मुग्धा


लातूर,
१४ ऑक्टोबर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मास्तरची लता. मला असं म्हणणारं कोणीतरी या जगात आहे, हे मनात घेऊन मी आठवडाभर घरात हिंडून राहिले. उर्वीनं विचारलं, आई, आज तुम्ही गाणं म्हणताय का? मला ऐकू येत नाही, त्यामुळं मोठ्यानं म्हणत असेन.

दिवाळी झाली की आपण दोघी जाऊ. मी लातूरहून येते, तू नांदेडहून ये. फाट्यावर भेटू. घरात मी काहीतरी सांगेन. तुला भेटून दोन वर्षं झाली. तुला लातूरला बोलावता येत नाही आणि मला नांदेडला येता येत नाही, पण फाट्यावर कोणाची हरकत असणार आहे?

कोणता रविवार ते कळव. विठाला सांगून ठेव, लता येतेय म्हणून.

तुझी,
आई


नांदेड,
२ नोव्हेंबर

ती. आईंना,
सा. नमस्कार.

उशीर झाला, माफ करा. बँकेत तपासणी चालू आहे, रविवारीही बोलावतात.

उमरसांगवीचं थोडं थांबावं लागेल असं दिसतं. पावसानं ओढ्यावरचा पूल खचलाय. तुमच्या गुडघ्यांना ती वाट झेपायची नाही. शिवाय विठाबाई लेकीकडं गेल्या आहेत, कधी येतील नक्की नाही. नवीन वर्षात बघू.

तब्येतीला जपा.

तुमची,
मुग्धा


लातूर,
१६ नोव्हेंबर

चि. मुग्धास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मला समजलं. पूल, तपासणी, लेक, हे सगळं एकदम आलं, तेव्हाच समजलं.

तुझं काही चुकलं नाही. तू नव्यानं सगळं उभं करून राहिलीस आणि मी जुन्या घरातून पत्रं पाठवते. मैत्रिणींना काय सांगशील, कोणाला भेटायला चाललीस म्हणून? सुटलेल्या नवऱ्याच्या आईला? मला हे आधीच कळायला हवं होतं. पाकीट पाठवलं तेव्हा नुसतं पाकीटच पाठवायला हवं होतं.

मिहिर परवा म्हणाला, तू इतकी गप्प का असतेस? मी म्हणाले, ऐकू येत नाही म्हणून.

थंडी सुरू झाली. स्वेटर घालून निघत जा.

लता


नांदेड,
३० नोव्हेंबर

ती. आईंना,
सा. नमस्कार.

तुम्ही समजता तसं काही नाही. खरंच नाही. मला मैत्रिणी नाहीत, त्यामुळं कोणाला काही सांगायचा प्रश्नच येत नाही.

कारण वेगळं आहे. पण ते लिहायला बसलं की लिहवत नाही. जानेवारीत आपण दुसरीकडं कुठंतरी जाऊ. कंधारला किल्ला आहे, तळं आहे, सपाट रस्ता आहे. तुम्हाला आवडेल.

असं नुसतं 'लता' लिहू नका.

तुमची,
मुग्धा


लातूर,
२१ डिसेंबर

चि. मुग्धास,

मी उमरसांगवीला जाऊन आले. एकटीच.

परवा वेळ अमावस्या, आपली येळवस होती. तू लातूरला असताना पाहिलंयस, त्या दिवशी शहर कसं ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. मिहिर आणि उर्वी तिच्या माहेरच्या शेताला निघाले. मलाही चला म्हणाले. मी म्हणाले, गुडघा दुखतोय. ते गेल्यावर खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एवढ्या मोठ्या कॉलनीत मी आणि पाण्याच्या टाक्या. मी नऊवारी नेसले, दार लावलं आणि स्टँडवर गेले.

मुखेडची बस भरून गेली होती. प्रत्येकाच्या मांडीवर दुरडी, भज्जीचा आणि आंबिलीचा वास. माझ्या हातात नुसती पिशवी. शिरूर ताजबंदच्या पुढं गर्दी उतरत गेली. मी कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, मला फाटा आला की हात लावून सांगा, ऐकू येत नाही. त्यानं उतरताना पिशवी खाली दिली.

मी फाट्यावरून चालू लागले. काहीच ओळखीचं नव्हतं. दोन्हीकडं हरभरा आणि करडई. शाळा नवी झालीय, स्लॅबची. ओढा आला. पूल तर ठणठणीत होता, मुग्धा. त्याला साधी भेगसुद्धा नव्हती. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मनात म्हणाले, म्हणजे तिला मी नकोच होते. परत फिरणार होते. पण बस दुपारपर्यंत नव्हती, म्हणून पुढं गेले.

गावात कोणी नव्हतं. डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन एक बाई चालली होती, तिला विठाबाईचं शेत विचारलं. ती म्हणाली, चला की, मी त्यांची सूनच हाय. ती दीपमाला. शेतात कडब्याची कोप उभारली होती, आत पूजा मांडलेली, बाहेर घोंगडी टाकून माणसं बसलेली. विठा मधोमध होती. मी तिला लगेच ओळखलं. जबडा तोच.

मी समोर जाऊन म्हणाले, "विठा, मी लता. दत्तोपंत मास्तरांची."

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मला ओठांवरून थोडं कळतं, आणि ती मोठ्यानंच बोलते. म्हणाली, "कोणत्या मास्तरची? लई मास्तर आले न् गेले, बाई."

मी सांगितलं, सायकलवाले, धोतर नेसायचे ते. नाना तिला आठवले. सायकल तर चांगलीच आठवली. पण त्यांना मुलगी होती, हे नाही आठवलं. मी म्हणाले, "जांबच्या शाळेला आपण जोडीनं जायचो. ओढ्याला पाणी असलं की तू माझा हात धरायचीस."

ती म्हणाली, "समद्याच पोरींचा धरायचे मी. मोठी होते ना. कोणाकोणाचं ध्यानात ऱ्हाईल?"

ती हे सहज बोलली. त्यात काही वाकडं नव्हतं. पण मला तिथं उभं राहवेना. ज्या तीन वर्षांवर मी आजवर जगत आले, ती माझ्याकडंच होती, दुसऱ्या कोणाकडं नव्हतीच. म्हणलं आता निघावं. पदर सावरला. तेवढ्यात दीपमाला तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, आणि विठाचा चेहराच बदलला.

"मुग्धाची सासू हाय का तू?" ती म्हणाली. "मग आधी सांगावं की, बाई."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली, माझ्या मागून फिरून आली आणि माझ्या डाव्या अंगाला बसली. म्हणाली, "ह्याच कानानं येतं नव्हं तुला? मुग्धा सांगती." मग दीपमालाला म्हणाली, "गुळाचा चहा ठेव. साखरेचा पीत न्हाई ती."

मुग्धा, त्या बाईला माझं सगळं माहीत आहे. माझे गुडघे, माझा कान. तुला टायफॉइड झाला तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून राहिले, तेही. आपण औसा रोडनं जाताना मी कुत्र्यांना भिऊन तुझा दंड धरायचे, ते सांगून ती केवढी हसली. तू दर पंधरवड्याला जातेस म्हणे. सोयाबीन निवडायला बसतेस. लेकीकडं ती कधी गेलीच नव्हती.

मला तिनं पोटभर जेवू घातलं. भज्जी, उंडे, खीर. मिहिरचं काम लांब असतं म्हणून तू नांदेडात एकटी राहतेस, असं तू त्यांना सांगितलेलं दिसलं. दीपमालानं विचारलं, ताईला लातूरला कधी नेणार? मी म्हणाले, बघू. तुझं सांगणं खोडलं नाही. मलाही तसंच बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये तुझा राग आला. मग थोड्या वेळानं कळलं, तू मला टाळत नव्हतीस. तेवढ्यावर मी घरी येऊन झोपले. मिहिरला अजून काही माहीत नाही.

तुझी,
आई


नांदेड,
२८ डिसेंबर

ती. आईंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन उभी राहिले.

ऑक्टोबरात त्या मलाही हेच म्हणाल्या होत्या. समद्याच पोरींचा धरायचे. परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला कसं लिहायचं ते जुळवत होते. पण लहानपणी पाहिलेलं माणूस कोणी उरलं नाही, हे तुम्ही लिहिलेलं मला पाठ झालं होतं. घरी येऊन कागदावर भलतंच उतरलं. वाटलं, तुम्ही तिकडं कधी जाणार नाही, मग यानं कोणाचं काय बिघडतं. आणि तुम्ही लगेच लिहिलंत, दिवाळी झाली की जाऊ.

त्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या, येत जा, हे मात्र खरं होतं. मी गेले. पहिल्यांदा वाटलं, तुमच्या गोष्टी सांगून सांगून त्यांना आठवेल. ओढ्याचं तर किती वेळा सांगितलं. आठवलं नाही. तुमचं नावही ध्यानात राहिलं नाही, त्यांच्या लेखी तुम्ही मुग्धाची सासू. पण त्या ऐकत गेल्या. दुसऱ्या वेळी दारातून शिरले तर त्यांनी विचारलं, सासूचा गुडघा कसा हाय? तिथं बसलं की मी कोणाची तरी असते, आई. नांदेडच्या शाखेत मी दोन नंबरच्या काउंटरवरची मॅडम आहे. मिहिरचं मी जे सांगितलं ते चूक आहे, कळतं मला. घटस्फोट म्हणलं असतं तर तुमच्याबद्दल बोलता आलं नसतं.

तुम्ही एकट्या त्या पुलावर उभ्या राहून जे मनात म्हणालात, ते मला पुसता येणार नाही.

११ जानेवारीच्या रविवारी मी फाट्यावर असेन. तुमची बस माझ्या बसच्या आधी पोचते, म्हणून मी आदल्या बसनं येते. तुम्हाला तिथं उभं राहावं लागणार नाही. आला नाहीत तरी मी संध्याकाळच्या बसपर्यंत थांबेन.

तुमची,
मुग्धा


लातूर,
१३ जानेवारी २०२६

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

नीट पोचले. तू बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होतीस, ते मागच्या काचेतून दिसलं. तुझी बस किती उशिरा आली, कोण जाणे. त्या फाट्यावर साधी बसायलासुद्धा जागा नाही.

तू वाळली आहेस. तिथं बोलले नाही, आता लिहिते.

आपण विठाकडं न जाता ओढ्याच्या कडेनंच चालत राहिलो, ते बरं झालं. पाणी संपून नुसते दगड उघडे पडले होते, तिथं आपण बसलो, तो वेळ माझ्या ध्यानात राहील. मी तुला विचारणार होते की तुमचं नक्की काय बिनसलं. पण तू ज्वारीवरची पाखरं बघत होतीस, म्हणून राहू दिलं. आता विचारायचं नाही असं ठरवलंय. मिहिर माझा मुलगा आहे, त्यालाही मी विचारलं नाही.

घरी आले तर दोघं दारातच होते. शेजारच्यांनी सांगितलं होतं, आजी पिशवी घेऊन स्टँडकडं गेल्या. मिहिर घाबरला होता. मी चप्पल काढली, पाणी प्याले आणि सांगून टाकलं. कुठं गेले होते, कोणाबरोबर, आणि येळवसलाही कुठं गेले होते ते. पत्रांचंही सांगितलं.

उर्वी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज मला येत नाही, त्यामुळं ती रागावली की नाही, ते कळलं नाही. जेवताना तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि डाव्या बाजूला येऊन म्हणाली, पुढच्या वेळी सांगून जा, आम्ही काळजीत असतो. एवढंच. तिला वाईट वाटलं असणार. तिचंही काही चुकत नाही. उद्या संक्रांत, तिच्यासाठी मी आज तिळाच्या वड्या करायला घेतल्या आहेत.

मिहिर जेवला नाही नीट. हात धुऊन आला आणि माझ्याजवळ बसला. बराच वेळ टीव्हीकडं बघून राहिला, टीव्ही बंद होता. मग म्हणाला, "बरी आहे का ती?"

मी म्हणाले, "बरी आहे."

"एकटीच फिरते?"

मी म्हणाले, "फिरायची."

तो उठून गेला. त्यानंतर घरात तुझा विषय निघालेला नाही, निघेल असं वाटतही नाही. तू त्याची वाट बघू नकोस. मीही बघत नाही. इथं दिवस आधी होता तसाच आहे. दुपारी दोन ते सहा मी आणि गॅलरी.

फेब्रुवारीत कंधारला जाऊ म्हणालीस. मला चढण नको, उतरताना गुडघा धरतो. तळ्याच्या काठानं सावली असेल तर ते बघ. विठाकडं जाशील तेव्हा सोबतच्या पाकिटातला तिळगूळ दे आणि लताकडचा म्हणून सांग. कोणती लता ते ती विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
आई